वेगळी बादली

ज्योत्स्नाच्या घरचं वॉशिंग मशीन पुढून दार उघडणारं होतं आणि त्याचा तिला भारी अभिमान होता. भोकरदनच्या त्यांच्या गल्लीत तसं गोल काचेचं दार दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. काचेवर बोटाचा डाग दिसला की ती लगेच फडकं घेऊन पुसायची. मशीन बाहेरून लख्ख असलं म्हणजे झालं, अशी तिची समजूत. दिवसभर साबणाच्या पाण्यात घुसळणाऱ्या वस्तूला आणखी कुणी कशाला धुवायचं? नळाचं पाणी आठवड्याने यायचं, म्हणून ती नेहमी थंड पाण्याचा सगळ्यात छोटा फेरा लावायची. पावडर मात्र सढळ हाताने टाकायची. आणि कपडे काढले रे काढले की दार घट्ट लावून ठेवायची, आत धूळ जायला नको म्हणून.

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागायच्या आधी एक दिवस ती शिकवायची त्या शाळेच्या स्टाफरूममध्ये राजनंदिनी मॅडम तिच्या शेजारी येऊन बसल्या, नाक आक्रसून म्हणाल्या, "कसला कुबट वास येऊन राह्यला हो?" आणि उठून त्यांनी खिडकी उघडली. झालं एवढंच. त्यांच्या मनात काही होतं की नव्हतं, ते त्यांचं त्यांना माहीत. पण ज्योत्स्नाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लहानपणी गावच्या शाळेत तिच्या बाकावर कुणी बसायचं नाही. का बसत नाही, असं विचारल्यावर एका मुलीने नुसतं नाक धरून दाखवलं होतं. तेव्हापासून कपड्यांना वास म्हणून येऊ द्यायचा नाही, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. कडक इस्त्री, पर्समध्ये अत्तराची कुपी. एवढं सगळं करूनही शेवटी खिडकी उघडली गेलीच.

घरी येऊन तिने साडीचा पदर हुंगला. वास होता. मग तो आला कुठून? अशा वेळी माणूस स्वतःकडे बोट दाखवत नाही. तिच्या सासूबाई, सत्यशीलाबाई, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी जाफराबादकडच्या खेड्यातून नुकत्याच राहायला आल्या होत्या. सगळा जन्म चुलीपुढे आणि रानात गेलेली बाई. ज्योत्स्नाला उत्तर सापडलं. सोयीचं उत्तर सापडलं की पुढचं कोण शोधतो?

दुसऱ्याच दिवशी तिने बाजारातून एक निळी बादली आणली आणि मोरीत ठेवली.

"आई, तुमचे कपडे यात टाकत जा. मशीनमध्ये सुती कपडा लवकर विरतो."

सत्यशीलाबाईंनी बादलीकडे पाहिलं, मग सुनेकडे पाहिलं.

"बराबर हाय," त्या म्हणाल्या. "मी धुईन माझे हातानं."

ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी त्यांना वाकायचं नाही, डोळ्यात पाणी उडू द्यायचं नाही, असं बजावून सांगितलं होतं. ज्योत्स्नानेच ते ऐकलं होतं. तरी ती "ठीक आहे" म्हणाली. नवऱ्याने, संघपालने, "आई मोरीत काय करून राह्यली?" असं विचारलं, तेव्हा तिने सांगितलं, "त्यांना हातानेच धुवायला आवडतं." खोटं इतकं सहज तोंडातून निघालं की तिचं तिलाच नवल वाटलं.

वास मात्र गेला नाही. तो सासूबाईंच्या लुगड्यांमधून मशीनमध्ये मुरला असणार, असंही तिने ठरवून टाकलं. आणखी पावडर टाकली, वरून सुगंधी औषध ओतलं.

वैशाख पौर्णिमेच्या आदल्या दिवशी तिने विहारात नेसायची पांढरी साडी आणि संघपालचा पांढरा सदरा मशीनमध्ये टाकला. मशीन थोडं फिरलं, घुरघुरलं आणि पाणी पोटात ठेवून थांबलं. संघपाल जालन्याला कामावर गेलेला. दुरुस्तीवाला पौर्णिमा झाल्यावर येतो म्हणाला. उद्या विहारात सगळ्या बाया खांद्याला खांदा लावून बसणार, आणि तिथेही कुणी नाक आक्रसलं तर? या धास्तीने तिने मोबाईलवर मशीन दुरुस्तीचा एक व्हिडिओ लावला आणि मशीनसमोर फतकल मारून बसली.

खाली कोपऱ्यात एक छोटी झडप होती. इतक्या वर्षांत तिने ती कधी उघडलीच नव्हती. परात लावून तिने आतलं गोल झाकण फिरवलं आणि काळं पाणी भळाभळा बाहेर आलं. पाठोपाठ जाळी आली. तिच्यात केसांचा गुंता, तिच्याच साडीपिना, कुजून गोळा झालेला रुमाल, साबणाचा बुळबुळीत थर. आणि वास. तोच वास. तिने दाराचं रबर ओढून पाहिलं, तर आतली घडी काळी पडलेली होती, बोट लावलं की चिकटत होती.

ज्योत्स्ना उठली आणि मागच्या दाराने अंगणात गेली. दोरीवर सासूबाईंचं लुगडं वाळत होतं. तिने त्यात नाक खुपसलं. वडीच्या साबणाचा आणि उन्हाचा वास, दुसरं काही नाही. तिला स्वतःची अशी लाज वाटली की लुगडं हातातून सोडवेना. जन्मभर जिला गावाने पाणी वरून वाढलं, तिच्या कपड्यांना तिच्याच लेकाच्या घरात बादली वेगळी काढली. आणि काढली कुणी? जिच्या बाकावर कुणी बसत नव्हतं, तिने.

आत येऊन तिने जाळी घासली, रबराची घडी जुन्या ब्रशने खरवडली, पावडरचा खण काढून धुतला. साठवणीतलं पाणी खर्ची घालून, लिंबूसत्व टाकून, मशीन रिकामंच गरम पाण्यावर फिरवलं. मग दार सताड उघडं ठेवलं. साडी आणि सदरा हाताने धुऊन काढला. हे सगळं झालं तरी मनाला बरं म्हणून वाटेना. घाण मशीनची निघाली होती, तिची तिच्यापाशीच होती.

सत्यशीलाबाई ओट्यावर गहू निवडत बसल्या होत्या. ज्योत्स्ना त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आई, मी खोटं बोलले. कपडा विरतो म्हणून न्हाई, तुमच्या कपड्यांना वास येतो असं वाटलं म्हणून मी बादली वेगळी केली. वास मशीनचाच होता."

सत्यशीलाबाईंनी सूप बाजूला सारलं.

"मला म्हाईत व्हतं," त्या म्हणाल्या. "मी आल्ते न्हाई का, त्याच दिवशी तुझ्या साडीला आल्ता वास. माझं एक बी धुनं तवा मशिनीत पडलं नव्हतं."

"मंग बोलल्या का न्हाई? मी बादली ठेवली तेव्हा तरी सांगायचं."

"कसं सांगावं बाई? वास येतो म्हनलं की मानसाच्या जिवाला कसं लागतं, ते मला म्हाईत हाय. तुला कशाला लावू?"

ज्योत्स्नाला वर बघवेना. तिच्या हातांना मशीनमधल्या त्या गाळाचा वास अजून येत होता. सत्यशीलाबाईंनी तोच हात धरला आणि तिला आपल्याशेजारी बसवून घेतलं.