आठ दिवसांच्या बोलीवर

शिरूरची रूथ साळवे गोठ्यात अंथरायच्या रबरी मॅट विकायची. एजन्सी घेऊन चार महिने झाले होते. शेतकरी मॅट हातानं दाबून बघत, चांगली हाय म्हणत, चहा पाजत आणि वाटेला लावत. शेवटी तिनं ठरवलं, आता बोलणं कमी करायचं आणि मॅट सरळ गोठ्यात टाकून यायची.

न्हावऱ्याच्या हौसरावांकडं सहा गाई होत्या. खाली कोबा, त्यामुळं उठता-बसता सगळ्यांचे गुडघे सोललेले. रूथनं स्कूटीवरून गुंडाळून आणलेली मॅट उतरवली. आठ दिवस फुकट वापरा, नाही पटली तर मी स्वतः धुऊन घेऊन जाईन, असं तिनं सांगितलं.

"गाया काय पाव्हण्या हायत व्हय, सतरंजी टाकायला?" हौसराव म्हणाले. पण फुकट आहे म्हटल्यावर त्यांनी दारालगतच्या मैना गाईखाली ती टाकू दिली.

पाचव्याच दिवशी त्यांचा फोन आला. मॅट घेऊन जा, आजच या. रूथचं तोंड उतरलं. गाय घसरली असेल का, रबराचा वास आला असेल का, याचाच विचार करत ती न्हावऱ्याला पोचली.

गोठ्यात मैना उभी होती आणि तिच्या मॅटवर दुसरीच गाय ऐसपैस बसून रवंथ करत होती. हौसराव दाव्याला धरून तिला ओढत होते, ती ढिम्म हलत नव्हती. दम खात त्यांनी गाऱ्हाणं मांडलं. पाण्यावर सोडलं की परतताना सहाही गाई त्या एका जागेकडं धावतात. कालच्या ढुसण्यात घमेलं फुटलं. चार दिवस त्यांना गाया हुसकण्याशिवाय दुसरं काम उरलं नव्हतं.

"एकीचे लाड केले आन् पाचजणी वैरी झाल्या," ते म्हणाले. "न्या ही."

रूथ मॅटचं मोकळं टोक धरायला वाकली, तोच हौसरावांच्या बायको साखरबाई बादली घेऊन आल्या. धारा त्याच काढायच्या. मैनाच्या गुडघ्याला खपली धरली होती, ती हात लावू देत होती, लाथ मारायची थांबली होती. नवऱ्याला हे सगळं दिसलं नव्हतं. त्यांना घमेलं दिसलं होतं.

"मॅट गेली, तर उद्यापास्नं धारा तुम्ही काढायच्या," साखरबाई शांतपणे म्हणाल्या.

हौसरावांनी बादलीकडं पाहिलं, मग मॅटवरच्या गाईकडं.

"रूथताई, आणखी पाच टाका. गोठ्यात भांडान नको, आन् घरात बी नको."

रूथ हसली. चार महिने बोलून जे जमलं नव्हतं, ते सहा गाईंनी पाच दिवसांत केलं होतं.

दुसऱ्या दिवशी टेम्पोतून मॅट उतरत असताना शेजारचे शंकरराव कुंपणाशी येऊन उभे राहिले. त्यांच्या आठ गाई. आपल्याला चार मॅट आठ दिवस मिळतील का, त्यांनी विचारलं.

"एकच मिळेल, मामा," रूथ म्हणाली, आणि शिल्लक राहिलेली मॅट घेऊन त्यांच्या गोठ्याकडं निघाली.