वारा सांगेल तो आधी पाण्यात

सासूबाईंनी जावयाच्या शब्दावर आजवर एकदाही विश्वास ठेवला नव्हता. दूध तापलंय असं तो म्हणाला, की त्या बोट बुडवून बघत. दाराला कडी लावली म्हणाला, की उठून कडी ओढून बघत. बरं, कडी लावलेलीच असे, म्हणजे अपमान दुप्पट.

तलावावर तर विचारूच नका. नर्सची नोकरी संपल्यावर, गुडघे चोळत बसायच्या वयात, या बाईने शीड लावलेल्या फळीवर उभं राहून वाऱ्याच्या जोरावर पाणी कापायला शिकून घेतलं होतं. दर रविवारी लेक-जावयाला हाकत त्या तलावावर हजर. जावयाचं चष्म्यांचं दुकान होतं. फळीवर तो बरा होता, पण वाऱ्याचं नाव काढलं की त्याची जीभ अडखळायची. इथला नियमच तसा होता: वारा सांगेल तो आधी पाण्यात. हलका म्हणालात तर मोठं शीड, जोराचा म्हणालात तर लहान, आणि चुकलात तर सगळ्यांच्या आधी तुम्हीच तोंडावर आपटणार. त्यामुळे तो प्रत्येक वाक्याला ‘बहुतेक’चं शेपूट जोडायचा. सासूबाई ऐकून घ्यायच्या, मग स्वतः काठावर जाऊन दोन्ही गालांवर वारा घ्यायच्या आणि नेमकं दुसरंच शीड उचलायच्या. एकदा, फक्त एकदा, या बाईने आपल्या शब्दावर शीड उचलावं, एवढंच त्याला लग्नापासून हवं होतं.

त्या रविवारी तो पेटून आला होता. झेंडा पाहिला, तो मेल्यासारखा लोंबत होता. चिमूटभर माती सोडून पाहिली, ती पायावरच पडली. काठाशी पाणी तुळतुळीत होतं. लांब मध्यावर पांढरं काहीतरी हलत होतं खरं, पण पाण्यात हरवू नये म्हणून त्याने चष्मा गाडीतच ठेवला होता. बगळे असतील, असं त्याने ठरवून टाकलं.

“हलका वारा. मोठं शीड,” तो म्हणाला. शेपूट नाही, काही नाही.

सासूबाईंनी त्याच्याकडे जरा रोखून पाहिलं. तो छाती काढून पाण्यात उतरला.

सुरुवातीला सगळं झकास होतं. कारण काठावर एक नवी उंच इमारत झाली होती आणि जमिनीकडून येणारा वारा तिच्यामागे अडत होता. झेंडा, माती, पाणी, तिघंही तिच्या आडोशाला बसून त्याला थापा मारत होते. आडोसा संपला आणि पाठीमागून असा दणका बसला, की शिडाने त्याला फरफटत नेलं. पडला, चढला, पुन्हा पडला. बगळे जवळून पाहिले, तर तो लाटांचा फेस निघाला. परत फिरायचं तर वारा समोरून, आणि एवढं मोठं शीड घेऊन त्यात शिरायची सोयच नव्हती. पलीकडच्या काठाच्या चिखलात तो जाऊन रुतला तेव्हा त्याच्या पोटात निम्मा तलाव होता आणि डोक्यात एकच विचार. आता ही बाई जन्मभर कडी ओढून बघणार.

तेवढ्यात पाण्यावरून शिव्या ऐकू आल्या. पाठोपाठ सासूबाई आल्या आणि फळीसकट त्याच्या शेजारी चिखलात आदळल्या.

“लागलं का?” त्याने विचारलं.

“तोंड बंद ठेवा.”

त्याने त्यांच्या शिडाकडे पाहिलं. “मोठं?”

“तुम्हीच म्हणालात ना!”

“पण तुम्ही काठावर जाऊन बघितलं नाहीत?”

“नाही बघितलं.” त्या नाकावरचा चिखल पुसत म्हणाल्या. “आज पहिल्यांदा माणसासारखं ठाम बोललात. म्हटलं, नीट बघितलं असेल. एवढ्या पांढऱ्या लाटा दिसल्या नाहीत तुम्हाला?”

“बगळे वाटले.”

“आणि लोक तुमच्याकडून चष्मे घेतात!”

खरं तर त्याने शरमेने मेलं पाहिजे होतं. पण त्याला इतका आनंद झाला होता, की तो लपवायला त्याने तोंड फिरवून उगाच शिडाची दोरी सोडवायला घेतली.

फळ्या डोक्यावर घेऊन दोघं तलावाला वळसा घालत निघाले. बरंच चालून झालं. लांबवर बायको काठावर उभी राहून हात हलवताना दिसायला लागली, तशा सासूबाई थांबल्या.

“हे बघा, तिला सांगायचं नाही.”

“वारा चुकला ते?”

“वारा गेला खड्ड्यात. मी तुमचं ऐकलं ते.”