पलंग उंच झाला, मी खाली उतरलो

"आधी मेन बंद, मग टेस्टर, आणि मगच हात."

मित्रांनो, मला छताच्या हुकाला टांगताना माझा मालक हे आपल्या बायकोला बजावत होता. ती खाली स्टूल धरून उभी होती. आज मी एक जुना, कुरकुरणारा पंखा आहे. पण त्या दिवशी माझी पाती अशी चमकत होती, की मालकिणीने त्यांत पाहून केस सारखे केले होते.

मालक वायरमन होता. लोकांकडे चोख काम करायचा. स्वतःच्या घरी मात्र त्याने घाईत काम उरकलं, "तारा पुढच्या सुट्टीत नीट लावतो" म्हणाला, आणि ती सुट्टी काही उगवली नाही. दोन्ही लेकी लहान असतानाच तो आजारपणात गेला. पुढे त्या तिघींना मीच वारा घातला. मालकीण दर आठवड्याला ओल्या फडक्याने माझी पाती पुसायची. तो नेम तिने कधी मोडला नाही. थोरली म्हणायची, पंखा म्हातारा झाला. मालकीण म्हणायची, "झाला असेल. कामचुकार तर नाही ना?"

मुली वाढल्या, खोली तेवढीच राहिली. म्हणून दुमजली पलंग आला. पहिल्याच संध्याकाळी धाकटीने वर बसून आळस दिला आणि तिचा हात थेट माझ्या पात्यावर आपटला. मी बंद होतो म्हणून निभावलं. मालकिणीने तिथल्या तिथे ठरवलं: पंखा उतरणार, छताला साधा दिवा लागणार, वाऱ्यासाठी भिंतीवर छोटा पंखा येणार. तोवर वर कोणी झोपायचं नाही.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण त्या पोरीच्या हातापेक्षा माझी जागा मोठी नव्हती.

मदतीला दीर आला. त्याने थट्टा सुरू केली, "वहिनी, हे सुईत दोरा ओवण्याइतकं सोपं नाही."

"तुम्हाला तो तरी कुठे ओवता येतो, भावजी? स्टूल धरा."

दिराने भिंतीवरचं बटण बंद केलं. मेन कशाला, फ्रिजमधलं दूध नासेल, असं त्याचं म्हणणं. तिनेही या खेपेला ऐकलं. वर चढून तिने तारांची जोडणी झाकणारी माझी वाटी खाली सरकवली. हात तारेकडे निघाला होता. पण जुनी आठवण आडवी आली, आणि तिने आधी टेस्टर टेकवला.

टेस्टर पेटला.

मालकाचं ते घाईतलं काम! जोडणी उलटी झाली होती, बटणावर वीज आणणाऱ्या तारेऐवजी परतीची तार बसली होती. बटण बंद केलं तरी माझ्या तारांत वीज होतीच. दिराचा चेहरा पांढराफटक पडला.

"दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच," ती हळूच म्हणाली. मग खाली उतरली, मेन बंद केला, पुन्हा टेस्टर लावून पाहिला. मला उतरवलं. बोर्ड उघडून तारा योग्य जागी लावल्या. नवरा होता तोवर त्याच्या हातात पक्कड देता देता तिचे डोळे शिकले होते. दिराने थट्टा सोडली, स्टूल सोडलं नाही.

दिवा लागला. धाकटी वर चढली, दोन्ही हात उंच केले आणि बोटं छताला टेकवून हसली.

दीर म्हणाला, याला भंगारात देऊन टाकू.

"नाही. वरच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या मावशींना ह्यांनी शब्द दिला होता, आमचा निघाला की तुमच्याकडे बसवून देईन. नुसता देईन असं नव्हते म्हणाले; बसवून द्यायचं काम आता माझं."

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं कोणी डोक्यावर फिरत असेल. त्याची धूळ पुसा, कुरकुर ऐका. आणि त्याला खाली उतरवायची वेळ आली तर मोठ्यांना सांगा: दूध नासलं तर नासू दे, मेन आधी बंद करा.

तिने माझी पाती सोडवून शेवटची पुसली, तेलाचा थेंब सोडला, मला जुन्या चादरीत गुंडाळून कडेवर घेतलं. टेस्टर कमरेला खोचला आणि जिना चढू लागली. पहिल्याच पायरीवर ती स्वतःशी पुटपुटली, "आधी मेन."