म्हाळसाबाईचा कारगिलचा मुक्काम

म्हाळसाबाईच्या काळजाला दोन स्टेंट. टाकून वर्ष झालं. दवाखान्यातनं घरी आल्या दिवशी तिनं तंबाखूची चंची झटकली, धुतली आन् तिच्यात गोळ्या भरल्या. तीच चंची कमरेला खोचून ती पाचोडहून लेहला निघाली, लेकीला भेटायला. सुकेशनी तिथं लष्करी दवाखान्यात नर्स. दीड वर्ष घरी आली नव्हती.

सोबत पोरगा अजिनाथ. वाळूजच्या कंपनीतनं त्यानं बारा दिवसांची रजा काढलेली. त्याला थेट लेहचं विमान पाहिजे होतं. पण स्टेंट टाकलेल्या डॉक्टरनं सगळ्या तपासण्या करून बजावलं, "जा खुशाल, पण एकदम वर नाय. श्रीनगरहून रस्त्यानं, मुक्काम करत. डोकं दुखलं, धाप लागली, तर पुढं सरकायचं नाय."

श्रीनगर झालं, सोनमर्ग झालं. कारगिलात सकाळी गाडी लॉजच्या दारात लागली आन् म्हाळसाबाई पायरीवरच बसली.

"डोकं ठणकतंय. जिना उतरले तरी धाप लागली. मी नाय निघत आज."

"आये, सहा तासांवर लेह राह्यलं! ताई वाट बघायली. माझी रजा चाललीय!"

"तुझ्या बापामागं मी वीस वर्षं मेंढरं राखली. वाटंत एक मेंढी बसली की आख्खा कळप थांबायचा. मारून उठवली तर पुढच्या चढाला जीव सोडायची ती." मग गालात हसली. "आज मी बसले. काढतो का काठी?"

अजिनाथनं गाडीतनं बॅगा उतरवल्या. तिथल्या डॉक्टरनं ईसीजी काढला. हृदय ठीक होतं, उंची मानवली नव्हती. पुरतं बरं वाटल्याबिगर वर जायचं नाय, म्हणाला.

तीन दिवस गेले. लेक सहा तासांवर, पण बाईनं एकदा कुरकुर केली नाय. चंचीतली गोळी येळंवर, जेवण थोडं, चालणं सावकाश. अजिनाथच खिडकीतनं रस्ता बघत तळमळायचा. एवढा दम हिच्यात आला कुठून, त्याला कळंना.

चौथ्या दिवशी डोक्याचा ठणका उतरला, धाप गेली, डॉक्टरनं हो म्हणलं. पण रजा सरत आलेली, लेहात राह्यला मिळणार होती फक्त एक रात्र.

सांजच्याला लेहला पोचले. दारात सुकेशनी उभी. म्हाळसाबाईनं हात पसरले.

"थांब. आधी बोट दे." लेकीनं बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावला. आकडा बघितला. परत बघितला. ठीक होता. आन् मग गळ्यात पडून रडायलाच लागली.

"एकच रात्र गं, आये!"

"येडे, धडधाकट आले ना? पुढल्या साली परत येते," म्हाळसाबाई म्हणाली. "अज्या, रजा जास्तीची काढ."