बिनअस्तराचा जनरल

ओहायोतल्या त्या गावात जोथम वार्नीला सगळे मेंढीवाला म्हणत. खानावळींच्या पाट्या रंगवणं हा त्याचा धंदा. आसाहेल क्रंपच्या खानावळीसाठी त्यानं एकदा डरकाळी फोडणारा सिंह काढला, आणि तेव्हापासून वाटसरू 'ती मेंढीची खानावळ कुठली?' असं विचारत येऊ लागले. क्रंपचा धंदा वाढला, जोथमची अब्रू गेली.

१८४० च्या अमेरिकी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत व्हिग पक्षानं मिरवणुकीचं रेशमी निशाण त्याच्याकडे दिलं. दुसरा रंगारी तापानं आजारी होता, हे कारण कुणी लपवलं नाही. जोथमनं मात्र मनाशी ठरवलं, की या निशाणावर तरी लोकांनी माणूस बघून माणूसच म्हणायला हवं. नाहीतर थडग्यावरसुद्धा मेंढी कोरतील.

पुढच्या बाजूला पक्षाचे उमेदवार जनरलसाहेब, मागच्या बाजूला लाकडी झोपडी आणि तिच्या धुराड्यातून निघणारा धूर. जनरलसाहेब मोठ्या विटांच्या घरात जन्मले होते, पण प्रचारासाठी पक्षानं त्यांना झोपडी दिलेली असल्यामुळे ती काढणं भाग होतं. त्यांना गावात कुणी पाहिलेलं नव्हतं. त्यामुळे ते कसे दिसतात याबद्दल सगळ्यांची मतं ठाम होती. रेशमावर जाड रंग तडकतो, म्हणून जोथमनं पातळ हात दिला आणि दोन्ही बाजूंची कापडं, मधे काळं अस्तर घालून शिवायला, महिला समितीकडे पाठवली. बायकांना मत देता येत नव्हतं. त्यामुळे पक्षाचं बरंचसं काम त्यांच्याकडेच होतं.

मिरवणुकीच्या सकाळी त्यानं काठी उचलून बघितली. निशाण फारच हलकं लागत होतं.

"मिसेस थॅक्स्टर, मधलं काळं अस्तर कुठंय?"

"ते गोणपाट? काढून टाकलं," समितीच्या अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "जनरलसाहेबांच्या पोटात गोणपाट! शोभतं का?"

"अहो बाई, उन्हात एका बाजूचं चित्र दुसऱ्या बाजूला दिसेल!"

"मी समितीत म्हटलं होतं, मिस्टर वार्नी," त्याची बायको थर्झा म्हणाली. "पण तुमच्या बायकोचं ऐकतंय कोण?"

तेवढ्यात बँड सुरू झाला. चाकांवरची झोपडी ओढत बैल निघाले, मागून सायडरची, म्हणजे सफरचंदाच्या दारूची, पिंपं, आणि सगळ्यांच्या पुढे निशाण. नदीकाठच्या दाट झाडांखाली ऊन नव्हतं. जोथम मान खाली घालून चालत होता. गिरणीपाशी रस्ता पश्चिमेला वळला की सूर्य थेट निशाणाच्या पाठीशी येणार होता. आणि गिरणीपाशीच क्रंप विरोधी पक्षाची माणसं घेऊन उभा होता. गळे साफ करून.

"आला रे मेंढीवाला!" क्रंप ओरडला, आणि सगळ्यांनी एका सुरात "बेंऽऽ" सुरू केलं.

निशाण वळलं.

तो सूर मधेच तुटला. बँडमधला तुतारीवाला वाजवायचं विसरला. जोथमनं भीत भीत पुढे जाऊन वर पाहिलं.

जनरलसाहेबांच्या छातीत झोपडी उजळली होती. तिचं दार बरोबर काळजावर होतं. धूर वर चढून चेहऱ्याभोवती पांढऱ्या केसांसारखा पसरला होता. वाऱ्यानं रेशीम फुगलं तशी छाती फुगली, धूर हलला. रेशीम बसलं, छाती बसली. तो माणूस श्वास घेत होता. एक म्हातारी रस्त्यातच गुडघे टेकून बसली.

क्रंपनं हॅट काढली. काढली हे लक्षात आल्यावर ती कुठं ठेवावी हे त्याला सुचेना.

"जोथम," तो हळूच म्हणाला, "हे मुद्दाम केलंस?"

जोथमच्या जिभेवर 'हो' आलं होतं. "नाही रे. बायकांनी केलं."

"मत नाही देणार हां तुमच्या म्हाताऱ्याला." क्रंप अजून वरच बघत होता. "उद्या ये. पाटी उतरवून ठेवतो. नव्यानं सिंह रंगवून दे."

एक ढग आला. झोपडी विझली, आणि मागे उरला तो जोथमनं रंगवलेला साधा, थोडा सुजल्यासारखा दिसणारा जनरल.

कुणी हललं नाही. दोन्ही पक्ष माना वर करून ढग सरकायची वाट बघत उभे राहिले.