पडद्यावरचा चरा

मी एक जुना डिजिटल कॅमेरा आहे आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मला कुणाची कीव नको. माझ्या मागच्या पडद्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत चरा होता, पण मी मोडलेला कधीच नव्हतो.

त्या रविवारी दुपारी बाबा खिडकीजवळच्या टेबलाशी बसले होते. त्यांनी चाळीस वर्षे चष्म्याच्या दुकानात भिंगे घासली होती. काचेवरचा केसाएवढा चरा त्यांना बोटाने समजत असे. त्यांनी मला पांढऱ्या रुमालावर ठेवले, भिंगे घासायची पूड पाण्यात कालवली आणि माझा पडदा गोल गोल घासायला घेतला.

चूक तिथेच झाली. माझ्या पडद्यावरचे झाकण काचेचे नव्हते, प्लास्टिकचे होते. चरा तसाच राहिला आणि भोवती धुके पसरले.

"म्हातारा झालो गं," बाबा म्हणाले. "आधी चरा पाडला, आता मोतीबिंदूही करून ठेवला."

"राहू द्या ना बाबा," लेक दारातूनच म्हणाली. "फोटो तर चांगले येतात."

"येतात. पण तुझ्या आईचं नाक नेमकं चऱ्याखाली येतं. मला या घरात राहायचंय."

"ऐकू येतंय मला!" आई आतून ओरडली.

सगळे हसले. लेक जरा उशिरा हसली. कारण तो चरा बाबांनी पाडलाच नव्हता. दोन महिन्यांपूर्वी तिने मला कव्हर न घालता किल्ल्यांच्या जुडग्यासोबत पिशवीत कोंबले होते आणि घरी आल्यावर गुपचूप कपाटात ठेवले होते. पुढे बाबांनी मला बाहेर काढले, चरा पाहिला आणि हे आपल्याच थरथरत्या हातांचे काम, असे स्वतःशी ठरवून टाकले. सांगू उद्या, सांगू परवा, असे लेकीचे चालले होते.

पडदा पुसून बाबांनी हात लांब केला, एक डोळा बारीक केला आणि मी चालतो का ते पाहायला स्वतःचाच फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर वाचता वाचता बाबा खुर्चीतच गेले.

मित्रांनो, या घरात माझेही दिवस होते. मी आलो तेव्हा लेक कॉलेजात होती. तिचा पदवीचा झगा, आईचे नवे चष्मे, दुकानाचा रंगवलेला फलक, सारे मी टिपले. पाहुणे मला हातोहात फिरवत. मग घरात कॅमेऱ्याचे फोन आले आणि मी खणात गेलो. बाबा मात्र महिन्यातून एकदा माझी बॅटरी चार्ज करत. ते गेल्यावर तेही थांबले.

चार महिन्यांनी लेकीने मला दुरुस्तीच्या दुकानात नेले. दुकानदाराने मला उलटेसुलटे केले.

"ताई, याचे पार्ट बंद झाले. आतले फोटो कार्डावरून काढून देतो. हा भंगारात द्या."

"फोटो नुसते काढून नकोत. याच पडद्यावर बघायचेत."

"का, फोनवर दिसत नाहीत?"

"दिसतात. मी तुम्हाला ते विचारलं नाही."

शाब्बास! मला तोंड असते तर मीही हेच बोललो असतो.

तिने जुन्या बाजारात माझ्याच जातीचा एक बंद पडलेला कॅमेरा शोधला. त्याच्या पडद्यावरचे झाकण स्वच्छ होते. मग ती बाबांच्या टेबलाशी बसली. आधी बॅटरी काढली. बाबांचा रुमाल अंथरला आणि प्रत्येक स्क्रू निघाला त्याच क्रमाने गोलात मांडला, घड्याळाच्या आकड्यांसारखा. चष्म्याची दांडी खोलताना बाबा असेच मांडत. फ्लॅशच्या बाजूला झटका बसतो, म्हणून तिकडे बोट नेले नाही. केस वाळवायच्या यंत्राने कडा कोमट केल्या, प्लास्टिकचे एक जुने कार्ड कडेखाली हळूच सरकवले आणि धुकटलेले झाकण उचलले. खालचा पडदा जसाच्या तसा होता. मी म्हणत नव्हतो?

नवे झाकण बसले. पण शेवटी रुमालावर एक स्क्रू उरला.

"उरला ना?" आई दारात येऊन म्हणाली. "तुझे बाबा म्हणायचे, स्क्रू उरत नाही, आपली घाई उरते."

"हा तीनच्या जागेचा आहे," लेक म्हणाली आणि तिने मला पुन्हा उघडले.

मित्रांनो, कुणी आम्हाला भंगार म्हटले की लगेच मान हलवू नका. आधी उघडून बघा. आणि चरा कुणी पाडला, ते ज्याला सांगायचे त्याच्या हयातीत सांगा. आम्ही वस्तू थांबू शकतो. माणसे थांबत नाहीत.

तिने चार्ज केलेली बॅटरी बसवली आणि बटण दाबले. माझ्या पडद्यावर बाबा आले, एक डोळा बारीक केलेले, स्वच्छ. आई खुर्ची ओढून शेजारी बसली. लेकीने मला दोन्ही हातांत धरले आणि आईसमोर, मोठ्याने म्हणाली,

"बाबा, तो चरा तुम्ही नाही पाडला. तुमचे हात चांगले होते. किल्ल्या माझ्या होत्या."