संध्याकाळचं दूध

त्या श्रावणात यशवंतरावांनी बायकोला रोज संध्याकाळी दूध द्यायला सुरुवात केली आणि देवासच्या त्या कारखान्याच्या कॉलनीत ही बातमी बघता बघता घरोघरी पोचली. बातमी होतीच तशी. सव्वीस वर्षांच्या संसारात त्यांनी गॅस कधी पेटवला नव्हता. चहा गार झाला तर ते नुसता कप पुढे सरकवत. तेच यशवंतराव आता शिफ्टवरून आले की हातपाय धुऊन दूध तापवत, पेल्यात ओतत आणि मागच्या पायरीवर बसलेल्या क्षिप्रापुढे आणून धरत. दुसऱ्या हातात काचेची छोटी बाटली. तीतून एक पांढरी गोळी तिच्या तळहातावर पडे.

"कॅल्शियम आहे. या वयात लागतं."

दुधात साखर नसे. वर जाड साय असे आणि साय क्षिप्राच्या घशाखाली उतरत नसे. पण ती एकदाही बोलली नाही. डोळे मिटून पिऊन टाकायची.

शेजारच्या पाटीदार भाभी कुंपणावरून बघत होत्या. "म्हारा वाला तो पाणी बी मांगी के पिये," त्या म्हणाल्या. "तमारा तो भाग खुली ग्या, बेन!"

"नजर लावू नका हो भाभी," क्षिप्रा म्हणाली आणि लाजली. सत्तेचाळिसाव्या वर्षी आपण लाजतो आहोत, याचंच तिला हसू आलं.

गेली दोन वर्षं तिचं शरीर तिचं राहिलं नव्हतं. पाळी कधी महिनोन् महिने येत नसे, कधी पंधरवड्यात दोनदा येई. पोळ्या लाटताना एकाएकी मानेपासून कानापर्यंत आग उसळे आणि ती लाटणं टाकून कूलरसमोर जाऊन उभी राही. मुलगा पुण्याला नोकरीला, घरात बोलायला कुणी नाही. कधी भाजी निवडताना उगाच रडू येई. हे सगळं तिनं एकाच माणसाला सांगितलं होतं. यशवंतरावांनी वर्तमानपत्र खाली ठेवून ऐकलं होतं. पुढं काहीच बोलले नव्हते, पण थोड्याच दिवसांत हे दूध सुरू झालं. क्षिप्रानं आपल्यापुरता त्याचा अर्थ लावला. माणसाला बोलता येत नाही, पण कळतं.

धारच्या सासरघरची गोष्ट वेगळी. तिथं यशवंतरावांच्या थोरल्या बहिणीचा, अक्कांचा शब्द चाले. अक्का तरुणपणीच विधवा होऊन माहेरी परतल्या होत्या. स्वतः पूजेला हात लावत नसत, पण पूजेचं सारं सोवळं-ओवळं त्यांच्याच नजरेखाली. भाद्रपदात महालक्ष्म्या येत त्या दोन सवाष्ण सुनांच्या हातून, एकीच्या हाती ज्येष्ठा, दुसरीच्या हाती कनिष्ठा. थोरल्या जाऊबाई गेल्यापासून घरात सवाष्ण सुना उरल्या दोनच, क्षिप्रा आणि पुतण्या राजवीरची बायको वैष्णवी. मागल्या वर्षी जेवणाच्या दिवशी ऐन पुरण वाटताना क्षिप्राची पाळी आली. काही चाहूल नाही, काही नाही. तिनं आपण होऊन सांगितलं आणि बाजूला झाली. पुरण, कटाची आमटी, सोळा भाज्या, सगळं गोठ्यात गेलं. पुन्हा चूल पेटली, नैवेद्य दिवेलागणीला झाला आणि उपाशी पाहुणे घड्याळाकडे बघत बसले. अक्का तिला एक शब्द बोलल्या नाहीत. तेच तिला जास्त लागलं.

म्हणून यंदा ती धास्तावली होती. पण यंदा शरीर गप्प होतं. उलट दुसरंच काही सुरू झालं. अंग जड, बांगड्या मनगटात रुतायला लागल्या, डोकं सारखं ठणके. चिडचिड तर अशी, की एकदा वाटीतल्या आमटीत मीठ कमी निघालं म्हणून तिनं वाटीच आपटली. मग स्वतःच घाबरली.

"मला वेड तर लागत नाहीये ना हो?" तिनं विचारलं.

"वय झालं की होतं असं," यशवंतराव म्हणाले. "दूध घे."

"मी सारखी तुमच्यावर ओरडते. माफ करा हं मला."

"असू दे," ते म्हणाले आणि बाटलीचं बूच उघडलं.

आवाहनाच्या दिवशी दुपारी धारच्या स्वयंपाकघरात दोघीच होत्या. वैष्णवी इंदूरची, सव्विशीतली, बोलता बोलता हिंदीत घसरणारी. तिनं फडताळातून गोळ्यांची पट्टी काढली, एक गोळी सोडवून तोंडात टाकली आणि वर घटाघटा पाणी प्यायली.

"काकी, तुमची झाली आजची?"

"माझी कसली?"

"गोळी हो. पाळी पुढं ढकलायची. अक्कांनी दोघींची एकसाथच तर मागवली. तुमची काकांजवळ दिली होती ना?" वैष्णवीनं कपाळ चोळलं. "मेरा तो दिमाग खराब झालाय हिच्यानं. नुसती सुजलेय बघा, आणि चिडते किती! राजवीर म्हणतो, तू नाही, गोळी बोलतेय. बंद केलीस की ठीक होशील."

क्षिप्रा उठली. आतल्या खोलीत यशवंतरावांच्या पिशवीत काचेची बाटली होती. तिनं तिच्यातली गोळी काढली आणि ओट्यावर वैष्णवीच्या पट्टीशेजारी ठेवली. तोच आकार, मधोमध तीच रेघ. पट्टीतून काढून बाटलीत भरायला यशवंतरावांनी किती निगुतीनं नखं लावली असतील, असं काहीतरी तिच्या मनात आलं.

"तुम्हाला माहीत नव्हतं?" वैष्णवीचा आवाज बारीक झाला. "हाय राम. काकी, मला खरंच वाटलं..."

"तुझी काय चूक, पोरी."

यशवंतराव अंगणात दाराला केळीचे खुंट बांधत होते. क्षिप्रा जवळ जाऊन उभी राहिली आणि मूठ उघडली.

"ही कशाची आहे?"

त्यांनी गोळीकडे पाहिलं, मग दाराकडे. "कोण काय म्हणालं?"

"मी विचारतेय, कशाची आहे."

"हळू बोल. अगं, अक्का म्हणाली, नेम नाही तुझा. सांगितलं असतं तर तू घेतली नसतीस."

"विचारलं होतंत?"

"मागल्या वर्षी तमाशा झाला तो विसरलीस? तुलाच वाईट वाटलं होतं. तुझ्याच भल्यासाठी केलं ना."

"मी वेडी होतेय का, म्हणून विचारलं तुम्हाला. तुमची माफी मागितली मी. तेव्हा ठाऊक होतं तुम्हाला?"

यशवंतराव सुतळीची गाठ आवळत राहिले. गाठ आधीच पक्की झाली होती.

"आणि दूध?" क्षिप्रानं विचारलं.

"दुधाचं काय?"

"तेही अक्कांनीच सांगितलं होतं?"

त्यांनी सुतळीचं टोक दातांनी तोडलं. मग म्हणाले, "रिकाम्या पोटी देऊ नकोस, म्हणाली होती."

क्षिप्रानं मूठ मिटली. गोळीचं तिनं ऐकून घेतलं होतं. दुधाचं तिला ऐकवेना. ती तशीच वळली आणि विहिरीवर जाऊन पायांवर पाणी ओतत राहिली.

तिन्हीसांजेला दोघी सुना मुखवटे घेऊन दारात उभ्या राहिल्या. आत बायका जमल्या होत्या. उंबऱ्यावरचे प्रश्न अक्का विचारणार, ही घरची रीत. त्याआधी क्षिप्राच बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

"अक्का, मला फसवून गोळ्या दिल्यात. त्या गोळ्यांनी पाळी अडवलीय म्हणून मी इथं उभी आहे. हे हात चालतात का तेवढं सांगा."

अक्कांनी पदर सारखा केला. "बाहेर दिसत नाही ते नाही, बाई. सोवळंच आहे. चला, वेळ जातो."

"मलाही दिसू नये, असंच ठरलं होतं ना?"

अक्कांनी प्रश्न सुरू केले. "कोण आलं?"

"महालक्ष्मी आली," क्षिप्रा म्हणाली. देवीवर तिचा राग नव्हता.

"काय आणलं?"

याचं उत्तर सुखसमाधान. सव्वीस वर्षं ती ते देत आली होती. आज तिचे ओठ हलले नाहीत. अक्कांनी पुन्हा विचारलं, तेव्हा शेजारून वैष्णवी घाईघाईनं म्हणाली, "सुखसमाधान आणलं," आणि दोघी आत गेल्या.

त्या संध्याकाळपासून क्षिप्रानं गोळी घेतली नाही. तिनं पुरण घातलं, सवाष्णी जेवल्या, देवींची पाठवणीही वेळेवर झाली. घरी परतल्यावर पाळी आली ती धो धो. देवासच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, गोळीचं नाव ऐकून भुवया उंचावल्या. "इतके दिवस? या वयात, न तपासता? किसने दी?" क्षिप्रानं मान खाली घातली. तेव्हाही नाव घेणं तिला जमलं नाही. सूज आणि रडू त्या गोळ्यांचंही असू शकतं, बाई म्हणाल्या. तुमचं डोकं ठिकाणावर आहे. हे वाक्य तिनं रिक्षात बसून पुन्हा पुन्हा मनात म्हटलं.

आठवडाभरानं यशवंतराव शिफ्टवरून आले, हातपाय धुतले, दूध तापवलं. या वेळी बाटली नव्हती. बंद डबा होता, औषधाच्या दुकानातून आणलेला. तो त्यांनी पेल्याशेजारी पायरीवर ठेवला.

"वाच. खरंच कॅल्शियम आहे."

क्षिप्रानं डबा उचलून सावकाश वाचला. "हो. कॅल्शियमच आहे."

"मग?"

"आता तुम्ही काहीही आणलंत तरी मला वाचावंच लागणार, हो ना?"

ते उभेच राहिले. अक्कांचं नाव घेतील असं तिला वाटलं, पण घेतलं नाही.

"दूध तुम्ही प्या," ती म्हणाली आणि आत गेली. तिनं आपल्यासाठी निराळं दूध तापवलं, गाळणीनं साय काढली, दोन चमचे साखर घातली, जायफळ किसलं. पेला घेऊन ती कुंपणापलीकडे पाटीदार भाभींच्या ओट्यावर जाऊन बसली.

"आज भाई साब ने नी दियो?" भाभींनी विचारलं.

"मी केलंय. चाखून बघा."

भाभींनी घोट घेतला. "अरे वा! गोड गट्ट!"

"मला असंच आवडतं," क्षिप्रा म्हणाली. हे आपण कुणाला तरी पहिल्यांदाच सांगतो आहोत, असं तिला वाटलं. कानांमागून ओळखीची आग वर चढली. तिनं पदरानं वारा घेतला आणि ती उतरेपर्यंत निवांत बसली.

पलीकडे मागच्या दारात यशवंतराव पेला हातात घेऊन आले. एक घोट घेऊन त्यांनी तोंड वाकडं केलं.

"साखर कुठं ठेवलीस गं?"

"शोधा," क्षिप्रा म्हणाली, आणि पेला तोंडाला लावला.